साहेब झोपलेत

शेजारी वाईट असला तर माणूस भांडून मोकळा होतो. आमचा शेजार चांगला होता, हीच माझी पंचाईत होती.

हिंगोली जिल्हा झाला त्याच्या आसपासची गोष्ट. गोरेगावच्या अंगाला एका गावात आम्ही भाड्यानं राहत होतो. हे विजेच्या सबस्टेशनात ऑपरेटर होते, गावापासून दोन कोसांवर, सायकलीनं जाणं-येणं. पाळी दर आठवड्याला बदलायची. एक आठवडा दुपारची, एक सकाळची, एक रात्रीची. रात्रीच्या आठवड्यात हे सकाळी घरी यायचे, भाकरी खायचे आणि झोपायचे. म्हणजे झोपायला बघायचे.

ऑपरेटरची झोप म्हणजे काय, हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी यांनी समजावून सांगितलं होतं. वायरमन खांबावर चढायच्या आधी ऑपरेटर लाइन बंद करतो, आणि वायरमननं स्वतः 'उतरलो' म्हणून कळवल्याशिवाय चालू करत नाही. मधल्या वेळात वरच्या माणसाचा जीव खालच्या माणसाच्या शुद्धीवर असतो. डोळ्यावर झापड आली, हात स्विचच्या चुकीच्या दांड्यावर पडला, की संपलं. तेव्हापासून यांची झोप मी तिजोरीसारखी राखायची.

आणि भिंतीला भिंत लावून मावशीचं घर होतं.

मेंढरं-शेळ्यांचं घर ते. मावशी, काका, दोन लेक, एक सून आणि लग्नाला आलेली लेक. त्यांचं बोलणं पिढ्यान् पिढ्या माळावर घडलेलं. एक माणूस या बांधावर, दुसरा पार त्या टेकाडावर, आणि मधे दोनशे मेंढरं. तीच सवय घरात. सून चुलीपुढं, मावशी तिच्यापासून चार हातांवर सुपात पाखडत बसलेली, आणि "मीठ टाकलं का गं?" असं विचारायची की इकडं मी माझ्या वरणाचं झाकण काढून चाखून बघायची. काका गोठ्यातून सुनेला पाणी मागायचे तेव्हा आमच्या मांडणीतल्या ताटल्या थरथरायच्या. भांडण नाही, तंटा नाही, शिवी नाही. नुसतं बोलणं. पण बोलणं म्हणजे, देवा!

हळू बोलणं त्या घरात वाईट समजत. एकदा मी मावशीला काही बायकी गोष्ट कानाशी जाऊन सांगायला लागले, तर ती मागं सरकली. चोरावानी काहून बोलता म्हणाली, कोणाची चुगली हाय का? त्यांच्यात हळू बोलायचं ते फक्त मयताच्या घरी. आमच्या आळीत एक म्हातारी वारली तेव्हा मी स्वतः पाहिलं. मावशी तिथं सुनेशी इतक्या खालच्या आवाजात बोलली की मला वाटलं, दुसरीच कोणी बाई बोलून राहिली. म्हणजे येतं हिला! हे कळल्यावर तर माझा राग दुप्पट झाला.

पण राग काढणार कुठं? माझ्या लेकीला म्हशीचं दूध पचत नव्हतं, तर रोज सकाळी तांब्याभर शेळीचं दूध यायचं. एक दिवस खाडा नाही. मला टायफॉइड झाला तेव्हा पंधरा दिवस आमची भाकरी तिच्या तव्यावर झाली. वर दिवसातून चारदा भिंतीपलीकडून चौकशी, ताप उतरला का, जुलाब थांबले का. माझे जुलाब साऱ्या आळीला तोंडपाठ झाले. अशा बाईला काय तोंडानं सांगायचं की तुझा आवाज बंद कर म्हणून? सहनही होईना आणि सांगताही येईना.

शेवटी एका रात्रपाळीच्या आठवड्यात, हे लाल डोळ्यांनी उठून बसलेले पाहिले आणि मी गेले. जाताना लाडू नेले. इतकं गोड करून सांगितलं की मी तक्रार करायला आले का आमंत्रण द्यायला, हे माझं मलाच कळेना. हे रात्री जागतात, दिवसा जरा झोप हवी असते, एवढंच. खांबाचं, जिवाचं काही बोलले नाही. उगाच धाक दाखवल्यासारखं वाटलं असतं. मावशीनं दोन्ही हात गालांवर ठेवले. साहेबांना आमच्यापायी तकलीफ झाली आणि तुम्ही आत्ता सांगता, म्हणून मलाच रागावली. अर्थातच मोठ्यानं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं यांच्या झोपेची राखण सुरू केली. बाई, भीक नको पण कुत्रा आवर!

आळीत भांडेवाला शिरला की मावशी दारातून ओरडायची, "ओ भांडेवाले, गप जा, साहेब झोपलेत!" पोरं गोट्या खेळताना भांडायला लागली की भांडण मिटायच्या आत हिची आरोळी, "मुकाट खेळा रे, साहेब झोपलेत!" तिकडून काका विचारायचे, काय म्हणली? की ही पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायची. हे अंथरुणात उठून बसायचे आणि मला म्हणायचे, "मी झोपलोय, हे कळलं मला." मी हसायची. मग हसूही येईनासं झालं.

शेळ्यांचंही तिनं मनावर घेतलं. करडं आमच्या भिंतीजवळ ओरडतात म्हणून ती उचलून पार परसाच्या टोकाला नेऊन बांधली. मग काय, आया इकडं, लेकरं तिकडं. दिवसभर दोन्हीकडून असा आकांत की मेलेला माणूस उठावा. मी सांगायला गेले तर म्हणाली, तुमच्यासाठीच नेली की लांब. आता याला कोणी काय बोलावं? मी घरी येऊन पोळपाट आपटला.

हे मात्र तिच्यावर कधी चिडले नाहीत. माणसं जिवाला जीव देणारी आहेत, म्हणायचे. मी म्हणायची, जीव नको, दोन तास झोप द्या म्हणावं. यांचा हाच स्वभाव मला नडला. सगळं वाईटपण घ्यायला मी एकटी.

मग ती सकाळ आली. हे पाळी संपवून आले आणि सायकल लावून ओसरीतच बसले. बूट काढेनात. भाकरी वाढली, तर ताटाकडं बघेनात. मग सांगायला लागले. उजाडायच्या सुमारास एका वायरमननं लाइन बंद करून मागितली होती. यांनी बंद केली, दांड्याला पाटी लावली आणि खुर्चीत बसले. बसल्या बसल्या डोळा लागला. दचकून जागे झाले ते थेट उठून दांड्याकडं गेले. लाइन बंद आहे, चालू करायची, एवढंच डोक्यात. हात दांड्यावर पडला. मग पाटी दिसली, 'माणसे काम करीत आहेत'.

"पाटी नसती तर?" हे म्हणाले. तीन लेकरांचा बाप होता तो वायरमन. आमच्या घरी येऊन चहा पिऊन गेलेला.

मी यांना कसंबसं आडवं केलं. डोळा लागला न लागला, तोच पलीकडून आवाज आला. मावशी कोण्या पाहुण्याला सांगत होती, हळू बोला, साहेब झोपलेत.

माझ्या डोक्याची शीरच तडकली. अनवाणी गेले. तिच्या अंगणात, पाहुण्यासमोर, सुनेसमोर, लग्नाच्या लेकीसमोर बोलले. यांचा हात कुठवर गेला होता ते सांगितलं. उद्या एखादा माणूस खांबाला चिकटून मेला तर ते तुमच्या नरड्यापायी, म्हटलं. आणि तेवढ्यावर थांबायचं, तर थांबले नाही.

"जनावरांत राहून राहून तुम्ही माणसात बोलायचं विसरून गेलात," मी म्हणाले.

मावशीच्या हाताला पीठ होतं, ते तिनं पदराला पुसलं. मग मयताच्या घरी बोलली होती त्या आवाजात म्हणाली, "आमाला म्हाईत न्हवतं, बाई. साहेबांची झोप म्हंजी दुसऱ्याचा जीव हाय, हे तुमी सांगितलंच न्हाई."

खरंच सांगितलं नव्हतं. लाडू दिले होते.

त्या दिवसापासून ते घर गप्प झालं. कसं, ते सांगून खरं वाटायचं नाही. शेळ्यांच्या गळ्यातल्या घंट्या सुटल्या. करडं आयांजवळ आली. सून गोठ्यातल्या काकांना जेवायला बोलवायला स्वतः चालत जायची, समोर उभी राहून हातानं खूण करायची. गुडघे धरलेले काका पाणी मागायला उठून घरात यायचे. दूध रोज येत होतं, पण हाक नाही. तांब्या उंबऱ्यात ठेवलेला असायचा. मला एकदा पडसं-खोकला झाला, चार दिवस, भिंतीपलीकडून कोणी विचारलं नाही. हे आठ-आठ तास झोपायला लागले. यांचा चेहरा उजळला. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि तरी मी दिवसभर कशावरून तरी चिडलेली असायची.

आता जे सांगते ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पाळीचं मी मावशीला कधीच बोलले नव्हते. दिवसाची झोप तीन आठवड्यांतून एकच आठवडा लागायची. बाकीचे दोन आठवडे हे रात्री आपल्यासारखेच झोपत. पण मावशीला वाटायचं, साहेब कायमचेच दिवसा झोपतात. आमचं दार पलीकडच्या बोळात, म्हणून यांची सायकल आत ओसरीत असली काय, नसली काय, तिला बाहेरून दिसायचं नाही. एका वाक्याचं काम होतं. आज सांगू, उद्या सांगू. पण सांगितलं की दोन आठवडे पुन्हा तो गलका. आणि खरं म्हणजे मलाही सवय झाली होती. दुपारी लेकीला घेऊन मीही तास-दोन तास पडायला लागले होते. मग म्हटलं, चाललंय ते बरं आहे. यांनी एकदा विचारलं, त्यांना पाळीचं सांगितलंस ना? मी हो म्हणाले.

वर्षभर असं चाललं. मग मावशीच्या लेकीचं लग्न ठरलं.

एका दुपारी ती कुंकवाचा करंडा आणि अक्षता घेऊन आली. नवी कोरी साडी. दाराची कडीही वाजवली नाही, नुसती उभी राहिली. मी पाट मांडला. तिनं मला कुंकू लावलं आणि दोन दिवसांवरची तारीख सांगितली. आवाज इतका खाली की मला पुढं झुकावं लागलं. लेकीच्या लग्नाचं आवतण, आणि सांगणं मयताच्या घरात सांगावं तसं. हळद दिराच्या अंगणात करणार, म्हणाली. गावाच्या त्या टोकाला. बाया गाणी म्हणतात, वाजंत्री असते, इथं साहेबांना तकलीफ नको.

हे तेव्हा सबस्टेशनात होते. सकाळची पाळी होती. घरात मी आणि लेक, दुसरं कोणी नव्हतं.

"मावशी, हळद इथंच करा," मी म्हणाले. "यांची या आठवड्यात सकाळची पाळी आहे. दिवसा झोपत नाहीत ते."

तिनं करंडा खाली ठेवला. "आन् मागल्या आठवड्यात?"

"दुपारची."

"मंग झोपत्यात कवा दिवसा?"

मी सांगितलं. तीन आठवड्यांतून एक. सांगताना माझाच आवाज इतका खाली गेला की तिला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

मला वाटलं, आता ओरडेल. ओरडायला हवं होतं तिनं. वर्षभराचं सगळं एकदम काढायला हवं होतं, मीही भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. पण तिनं करंड्याचं झाकण लावलं, अक्षता पदरात नीट बांधल्या. "सांगायचं व्हतं, बाई," एवढंच म्हणाली, त्याच आवाजात. दिराकडं मांडव घालून झाला होता. तो आता हलवणं शक्य नव्हतं.

यांना मी संध्याकाळी सांगितलं. हे पहिल्यांदा माझ्यावर चिडले. जेवले नाहीत.

हळदीला मी गेले. लेकीला कडेवर घेतलं, गावाच्या त्या टोकाला चालत गेले. मांडव दिसायच्या आधी गाणं ऐकू आलं. बायांच्या सगळ्या आवाजांत मावशीचा आवाज वर होता. जुना, टेकाडावर पोचणारा. वर्षभरात मी तो ऐकला नव्हता. माझी लेक कडेवर टाळ्या वाजवायला लागली. मी पुढं गेले.

नवरी पाटावर बसलेली, अंगभर पिवळी. मावशी तिच्यामागं उभी राहून गात होती. मी मांडवात पाय ठेवला, तिनं मला पाहिलं, आणि तिचा आवाज खाली आला.