काठोकाठ आमटी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्वदीर्घही चुकतील, त्याची आधीच माफी मागते. पण दहिवलीच्या नारायणदादा मिस्त्रींबद्दल लिहायचं राहू नये, म्हणून ही वही घेतली.

गाडी दुरुस्तीला आली की दादा बॉनेट उघडत नसत. मागे जाऊन दोन्ही हातांनी गाडी खाली दाबत, सोडून देत आणि बघत उभे राहत. "एकदा हालली तर धडधाकट, तीनदा हालली तर म्हातारी." आमची पाच वेळा हलली.

त्या जुन्या गाडीतून आम्ही साजगावच्या एका कारखान्यात कामगारांचं जेवण पोचवायचो. रोज आमटी सांडायची, शेवटच्या माणसांना पुरायची नाही. ठेकेदार म्हणाला, महिनाभरात सुधारलं नाही तर दुसरं कुणी बघतो. एका गॅरेजवाल्यानं चाकांचे धक्के झेलणारे चारही शॉकअप नवे टाकायला सांगितले होते. तेवढी ऐपत नव्हती, म्हणून ह्यांनी मागचा डावा एकटाच बदलून घेतला होता.

मी ह्यांच्या मागे उभी होते. दादांनी विचारलं, "गाडी तू चालवतोस रं, पन पातेलं कोन धरतं?" ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. "मंग तू गप. वयनी, आमटी कुठल्या अंगाला सांडते?"

परक्या माणसाशी मी बोलत नसे. तरी सांगितलं, उजवीकडे. आणि खड्ड्यात नाही, खड्डा गेल्यावर.

दादा गाडीखाली शिरले. मागच्या उजव्या शॉकअपमधलं तेल पार गळून गेलं होतं. ह्यांना म्हणाले, "औताला एक तरना नि एक म्हातारा बैल जुपतोस का रं?" पुढचे दोन्ही चांगले होते, त्यांना हातही लावला नाही. डाव्याला त्याच्याच जातीचा जोडीदार आणला, झिजलेली रबरं बदलली. अठराशे रुपये झाले. माझी मान खाली गेलेली बघून म्हणाले, "आठवड्याला शंभर द्या. घाई नाय."

मग काठोकाठ आमटी भरलेलं पातेलं मागे ठेवायला लावलं आणि आम्हाला पळसदरीपर्यंत फिरवून आणलं. झाकण कोरडं होतं. दादांनी त्यातलीच वाटीभर प्यायली. "मीठ कमी हाय."

काम टिकलं. दर गुरुवारी मी शंभराची नोट द्यायची. दादा नोटेकडे बघत नसत, गाडी मात्र दाबून बघत. सोळा गुरुवार झाले आणि दादा गेले.

तेराव्याची आमटी मी केली. मीठ चिमूटभर जास्त घातलं. काठोकाठ पातेलं गाडीतून नेलं, थेंब सांडला नाही. मी उरलेले पैसे काढले तेव्हा दादांची बायको म्हणाली, "त्यांनी कुटं लिवून ठेवलंय, ऱ्हाऊ दे गं." मी दोनशे रुपये तिच्या हातात ठेवले आणि तिची मूठ मिटवली. अठराशे पुरे फिटले.