पहाटे पेटणाऱ्या ट्यूब

दुष्काळाचं साल होतं. धरणात पाणी नाही म्हणून वीज नाही, असं जो तो सांगायचा. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी तेव्हा भौतिकशास्त्र शिकवत होते. अभ्यासिकाही माझ्याकडेच होती. संस्थेचे अध्यक्ष साखर कारखान्याचेही अध्यक्ष. त्यांनी कुठल्याशा विद्यापीठात वीज वाचवायची नवी सोय पाहिली आणि आमच्याकडे आणली. सगळे पिवळे बल्ब काढून ट्यूब लावल्या. मुख्य बोर्डाशेजारी पत्र्याची पेटी बसली. तिच्यात विजेवर चालणारं घड्याळ. ते दिवेलागणीला आपोआप दिवे लावणार, मध्यरात्री आपोआप विझवणार. पेटीला कुलूप, किल्ली प्राचार्यांच्या खिशात.

मी पहिल्याच दिवशी प्राचार्यांना म्हटलं, "सर, वीज गेली की घड्याळ थांबेल. आपल्याकडं ती दुपारभर नसते."

"मॅडम, शहरातली माणसं बसवून गेलीत. त्यांना कळत नसेल का?"

झालं तेच. दुपारभर घड्याळ थांबायचं, तितकंच मागं पडायचं. संध्याकाळी अभ्यासिका अंधारी. मुलं वाट बघून घरी जायची. दिवे लागायचे ते मध्यरात्र उलटल्यावर, आणि पहाटे, कुणी नसताना, सगळी इमारत लखलखायची. मी रोज तक्रार करायचे. प्राचार्य रोज सकाळी आल्यावर घड्याळ लावायचे. दुपारी वीज जायची. मी म्हणायचे, "संध्याकाळी लावा." ते म्हणायचे, "संध्याकाळी मी घरी असतो." किल्ली मात्र देत नव्हते.

त्या घोळाचा उपयोग एकाच मुलीनं केला. ती बौद्ध वस्तीतली, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. वडील दुष्काळी कामावर खडी फोडायचे. घरात वीज नव्हती, रॉकेलही पुरत नव्हतं.

"मॅडम, पहाटं लाईट असतेत ना," ती म्हणाली. "मी तवा येऊन बसू का?"

मी वॉचमनला सांगून अभ्यासिका उघडून दिली. आई टँकरच्या रांगेत हंडे लावायला निघाली की हिला फाटकापर्यंत सोडायची. चांगलं चाललं होतं. आणखी दोघी-तिघी यायला लागल्या.

एके दिवशी भल्या पहाटे अध्यक्षांची जीप कारखान्याकडे जाताना थांबली. ते आत आले. अभ्यास करणारी मुलगी पाहून खूश झाले. "शाब्बास पोरी!" म्हणाले. मग छताकडे बघून भडकले. "दिवस उगवायला आला, अन् दिवे चालूच?"

दुसऱ्या दिवसापासून पेटीची किल्ली कारखान्याच्या वायरमनकडे गेली आणि तो रोज संध्याकाळी येऊन घड्याळ लावू लागला. पहाटेचा उजेड गेला. संध्याकाळी ट्यूबकडे वीज वेळेवर पोचायची, पण वीज आली की गावभरच्या पाण्याच्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या आणि विजेचा दाब उतरायचा. तेवढ्या कमी दाबावर ट्यूब नुसत्या लुकलुकायच्या, पेटायच्या नाहीत. जुना बल्ब निदान लालसर तरी जळला असता.

मी पुन्हा प्राचार्यांकडे गेले. "सर, अभ्यासिकेत चार बल्ब परत लावू द्या. गोदामात पडलेत."

"अध्यक्षांनी काढायला लावलेत. मी कसे लावू?"

"मग अध्यक्षांना सांगा."

"तुम्हीच सांगा."

मी कारखान्यावर गेले. अध्यक्षांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. "मॅडम, नवीन गोष्टीला थोडा वेळ द्यावा लागतो," म्हणाले. परीक्षा तोंडावर आली होती. वेळ कुठून द्यायचा?

मी परत आले आणि त्या मुलीला म्हटलं, "माझ्या घरी ये. तिथं बल्बच आहेत."

ती मैत्रिणींना घेऊन आली. परीक्षा संपेपर्यंत माझ्या पुढच्या खोलीत त्या मिणमिणत्या बल्बखाली बसल्या. ती पास झाली, पुढं बी.एड.ला गेली.

स्नेहसंमेलनात अध्यक्षांनी वीज बचतीबद्दल प्राचार्यांचा सत्कार केला. वीज वाचली होती, हे खोटं नव्हतं. मी मागच्या खुर्चीवर बसले होते. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेच्या किल्ल्या मी प्राचार्यांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी त्या उचलून खिशात टाकल्या.