तळाचा तांबडा

दांडी गावात माणूस गेलं की कोण किती रडलं हे आधी बघतात, आणि ते कशाने गेलं हे मागाहून विचारतात. मेहुल तामोरे गेला तेव्हा त्याची बायको हिना रडली नाही. समोरच्या घरातली हंसाकाकी, जिचा एक डोळा कायम हिनाच्या ओट्यावर असतो, तेराव्यापर्यंत थांबली. तेराव्यालाही हिनाचे डोळे कोरडेच. मग काकीने बोंबील वाळत घातलेल्या वलांडीच्या सावलीत बसून निकाल देऊन टाकला, की बाई दगडाची हाय. चार बायकांनी माना डोलावल्या आणि पाचवीने विचारलं, गेला कशाने?

गेला तो साधा. बोईसरला इंजिनाचा पार्ट आणायला गेला होता. दुकानात बाकड्यावर बसला, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत गेला. बेचाळीस वर्षांचा. ज्याला समुद्राने वीस वर्षांत खरचटू दिलं नाही, तो पंख्याखाली गेला.

हिना पंधराव्या दिवशी लॅपटॉप उघडून बसली, आणि काकीला आयताच पुरावा मिळाला. पण कामच तसं होतं. बोईसरची एक कंपनी रसायनं पिंपांत भरते. त्या पिंपांवर चिकटवायची लेबलं, म्हणजे नाव, वजन, तारीख, धोक्याची खूण, छापणारा प्रोग्रॅम हिना सांभाळते. आठवड्यातले चार दिवस घरून, दोन दिवस कंपनीत. हे काम ती करते ज्या एडिटरमध्ये, तो तिला तिच्या पहिल्या साहेबाने, दर्पण राऊतांनी शिकवला. एडिटर म्हणजे मजकूर लिहायची पाटी, पण ही पाटी सांगाल तशी वागते. काय कोणत्या रंगात दिसावं, ओळींना नंबर असावेत की नसावेत, उघडलेल्या कंसाची जोडी दाखवावी की नाही, अर्धा शब्द लिहिल्यावर पुढचा सुचवावा की गप्प बसावं, हे सगळं एका सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून ठेवायचं. राऊतसाहेब म्हणायचे, बाईचं माहेर जसं तिच्या हाताच्या कालवणात कळतं, तसा प्रोग्रॅमवाला त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये कळतो. साहेब अविवाहित होते. कालवणाचं त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे.

हिनाच्या फाइलमध्ये मेहुल होता. ही गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी चालू होती, होडी शाकारून किनाऱ्यावर, आणि मेहुल घरात बसून सगळ्यांच्या कामात नाक खुपसत होता. आईला, म्हणजे हिनाच्या सासूला, इंदुबाईंना, बोंबील कसे चिरायचे ते त्याचं शिकवून झालं होतं. मग तो हिनाच्या पाठीशी येऊन उभा राहिला. पडदाभर काळी अक्षरं.

"ही तं सगळी काळीच हाय," तो म्हणाला. "समुद्रात सगळ्या होड्या काळ्या असल्या तं आपली कोन्ती ते लांबून कसं कळाचं?"

हिनाने त्याला एडिटरमध्ये आधीपासून असलेले रंग चालू करून दाखवले. जांभळा, पोपटी, गुलाबी. मेहुल म्हणाला, हा तर लग्नाचा मांडव झाला. उठला आणि तीन डब्यांची झाकणं घेऊन आला. तामोऱ्यांच्या होडीचे तीन रंग: अंगाला निळा, काठाला पिवळा, पाण्याखाली जाणाऱ्या तळाला तांबडा. बाजारात मिळणारे नव्हेत. मेहुल ते बादलीत स्वतः घोळायचा, नजरेने, आणि कशात काय किती ते आईलासुद्धा सांगायचा नाही.

दारात, उजेड येईल पण ऊन येणार नाही अशा जागी लॅपटॉप ठेवला. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवला. एडिटरला रंग सांगायचा तो सहा अक्षरांच्या आकड्यात. हिना आकडा बदली, मेहुल झाकण पडद्याला लावून डोळे बारीक करी. अजून. अजून जरा. आता जास्त झालं, मागे घे. इंजिनवाल्याला सांगावं तसं. तीन रंगांना दुपार गेली. प्रोग्रॅममधल्या हुकमाच्या शब्दांना निळा दिला, नावांना पिवळा, आणि अवतरण चिन्हांच्या आत जे जे असेल, म्हणजे लेबलावर जसंच्या तसं छापायचं ते, त्याला तळाचा तांबडा.

त्यात एक गंमत निघाली. अवतरण चिन्ह उघडलं आणि बंद करायचं राहिलं, की एडिटरला वाटतं पुढचं सगळंच अवतरणातलं. मग तिथून खाली अख्खं पान तांबडं. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मेहुल ताटावरून उठून आला आणि म्हणाला, "होडी उलटली गो." तेव्हापासून घरात तो शब्दच झाला. इंदुबाईंना अक्षर येत नाही, पण पान तांबडं झालेलं त्यांनाही कळायचं.

मेहुल गेल्यावर हिनाने ते रंग बंद केले. आधी तांबडा, मग पिवळा, मग निळा. मग ओळींचे नंबर. मग कंसाची जोडी दाखवणं. मग शब्द सुचवणं. कोणी काही सुचवावं असं तिला नको होतं. राहिली पांढऱ्यावर काळी अक्षरं. पण ओळी तिने पुसल्या नाहीत. प्रत्येक ओळीच्या आधी दोन अर्धविराम टाकले. तसे टाकले की यंत्र ती ओळ सोडून पुढे जातं. माणसाला मात्र ती दिसत राहते. पुसल्या का नाहीत असं कोणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, कामात तशी सवय असते.

कामात चुका वाढल्या. उघडं राहिलेलं अवतरण चिन्ह आता दिसायचं नाही, शोधत बसावं लागायचं. ती शोधत बसायची. घाई नव्हती, कंटाळाही नव्हता. इंदुबाईंनी, ज्या पोराच्या दुःखातही सुनेवर पाळत ठेवून होत्या, एके दिवशी माशाच्या आंबटात मीठ घातलंच नाही. हिना जेवली. दुसऱ्या दिवशी दुप्पट घातलं. हिना जेवली, पाणीसुद्धा जास्त प्यायली नाही. इंदुबाईंनी मग तो खेळ सोडून दिला आणि हंसाकाकीला मात्र बजावलं, की माज्या सुनेला दगड बोलाचं नाय. दगडाला निदान शेवाळ तरी धरतं. यातून काकीने काय घ्यायचं ते घेतलं.

असं सव्वा वर्ष गेलं. मेहुलचा धाकटा भाऊ हितेश, जो आतापर्यंत दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होता, त्याने ठरवलं की यंदा नारळी पुनवेला भावाची होडी पाण्यात घालायची. पोरगा मेहनती. इतका मेहनती, की रंग काढायला बसला तो काठापासून तळापर्यंत सगळा रंग खरवडूनच उठला. लाकूड असं चकचकीत काढलं की सुताराने पाठ थोपटावी. मग आईला विचारायला आला, रंग कोन्ता आणू?

इंदुबाईंनी जाऊन होडी बघितली. नखभरसुद्धा रंग उरला नव्हता. डबे केव्हाच भंगारात गेले होते. हितेश म्हणाला, फोनमध्ये फोटो आहेत ना. फोटो होते, सतरा. ते घेऊन तो बोईसरला नवापूर रस्त्यावरच्या खंडेरावांच्या रंगाच्या दुकानात गेला. खंडेराव तिथे तीस वर्षं रंग विकतात, आणि जगात आपल्याला न बनवता येणारा रंग नाही असं सांगत असतात. त्यांनी फोटो पाहिले. एकात तळ विटकरी, एकात डाळिंबी, एकात, संध्याकाळ होती म्हणून, जवळजवळ काळा. यातला कोन्ता, त्यांनी विचारलं. हितेश म्हणाला, एकच हाय. खंडेरावांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

पुनवेला अकरा दिवस होते. रंग सुकायला हवा म्हणजे हातात जेमतेम चार. हितेशचं म्हणणं, तयार डबा आणू, कोणाला कळतंय. इंदुबाई चुलीपुढून उठल्या नाहीत. "माज्या पोराची होडी परक्या रंगात गेली तं नारळ तुजा तू टाक," त्या म्हणाल्या. "मी खाडीवर येनार नाय. लांबून वळखाची कशी मी ती?"

हे सगळं हिनाच्या समोर चाललं होतं. ती टाइप करत होती. दुसऱ्या दिवशीही चाललं, तेव्हाही ती टाइप करत होती. तिसऱ्या दिवशी हितेश तयार डबा आणायला चपला घालत असताना ती मान न उचलता म्हणाली, "माझ्याकडे आहेत ते रंग."

हितेशला वाटलं कुठे डबा ठेवला असेल. वहिनीने लॅपटॉपकडे बोट केलं.

तिने सेटिंगची फाइल उघडली. तीन ओळी, प्रत्येकीच्या आधी दोन अर्धविराम. सहा वेळा एक बटण दाबायचं, एवढंच. तिने दाबलं, एडिटरला फाइल पुन्हा वाचायला सांगितली, आणि लेबलांचा प्रोग्रॅम पडद्यावर होता तो निळा, पिवळा, तांबडा झाला. हितेश मागे सरला. हिना बघत राहिली. आता काहीतरी होईल असं तिला वाटलं. थोडा वेळ वाट पाहिली. काही झालं नाही. तिने लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला आणि इंदुबाईंना म्हणाली, आई, लुगडं बदला, बोईसरला जायचंय.

खंडेरावांनी आकडे बघून सांगितलं की आपल्या मशीनला हे कळत नाही, तिला कंपनीच्या कार्डावरचा नंबर लागतो. हिना म्हणाली, नजरेने करू. तिने लॅपटॉप काउंटरवरून उचलून दुकानाच्या पायरीवर नेला, उजेड येईल पण ऊन येणार नाही अशा जागी, आणि पडद्याचा उजेड पूर्ण वाढवला. इंदुबाई उपड्या पिंपावर बसल्या. निळा तिसऱ्या खेपेला जमला, पिवळा दुसऱ्या. तांबडा काही केल्या येईना. खंडेराव पुठ्ठ्याच्या तुकड्यावर बोटभर रंग ओढत, हिना तो पडद्याला लावून बघे आणि पुठ्ठा बाजूला ठेवी. नऊ पुठ्ठे झाले. खंडेराव घामाघूम. म्हणाले, ताई, समुद्राच्या पाण्याखाली कोण बघायला येणार आहे?

हिनाने दहावा पुठ्ठा पडद्याला लावला. डोळे बारीक केले.

"अजून," ती म्हणाली.

खंडेरावांनी काळ्याचा एक थेंब टाकला.

"अजून जरा."

आणखी एक थेंब.

"आता जास्त झालं. मागे घे."

साठीच्या खंडेरावांना तीस वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकाने दुकानात अरे-तुरे केलं नव्हतं. त्यांनी वर बघितलं. पण बाईचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच. ती पुठ्ठ्याकडे बघत होती. पिंपावरच्या इंदुबाई मात्र सुनेच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि त्यांनी पदर तोंडाला लावला होता. खंडेराव शहाणे निघाले. त्यांनी चमचाभर तांबडा परत घातला.

"हाच," इंदुबाई म्हणाल्या. पडद्याकडे न बघताच.

ही अरे-तुरेची गोष्ट पुढे खंडेरावांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली आणि दर वेळी थेंब वाढवले. हंसाकाकीपर्यंत पोचली तेव्हा हिनाने त्यांना मारायला चमचा उचलला होता.

पुनवेला सगळी दांडी खाडीवर. इंदुबाईंनी नारळ सोडला. हितेश होडी घेऊन निघाला, आणि ती पार बारीक झाली तरी निळ्यावरचा पिवळा काठ सुटून दिसत होता. हंसाकाकी मुद्दाम हिनाच्या शेजारी उभी राहिली होती. हिना रडली नाही. काकी निराश होऊन घरी गेली.

घरी येऊन हिना जेवली. आंबटात मीठ होतं की नव्हतं, तेव्हाही तिने सांगितलं नाही. मग कामाला बसली. कंपनीला एका लेबलातला धोक्याचा मजकूर बदलून हवा होता. इंदुबाई तिच्या मागे भिंतीला टेकून सुपारी कातरत होत्या. बराच वेळ अडकित्त्याचा आणि बटणांचा तेवढा आवाज होता. मग अडकित्ता थांबला.

"होडी उलटली गो," इंदुबाई म्हणाल्या.

हिनाचे हात थांबले. पान वरपासून खालपर्यंत तांबडं होतं. ती ओळ शोधत वर गेली. वरच्या एका ओळीत, 'सावधान'च्या पुढे, चिन्ह राहिलं होतं. तिने ते लगेच टाकलं नाही. बसून राहिली, किती वेळ ते इंदुबाईंनी कोणाला सांगितलं नाही, आणि इंदुबाई सांगत नाहीत अशी दांडीत ही एकच गोष्ट आहे.

मग एक बटण वाजलं.

"सरळ केली, आई."

अडकित्ता पुन्हा सुरू झाला.