दार लावलं का, बाई?

आमच्या संग्रामपुरात माणूस गेल्याची बातमी ऑटोतून येते. टपावर भोंगा बांधलेला ऑटो गल्लीगल्लीतून सावकाश फिरतो आणि घराघरातल्या बाया हातातलं काम टाकून दारात येतात. त्या सकाळी मी गहू निवडत होते. भोंग्यातला आवाज अनोळखी होता, तरुण आणि घाईतला. नाव त्यानं असं उरकलं की पहिल्या खेपेला मला ते कळलंच नाही. आज गुणवंतराव कुठे गेले, असंसुद्धा माझ्या मनात आलं, कारण मयताचं निवेदन ते असं भाजीच्या भावासारखं करत नसत. नावाआधी ते थांबायचे... ऐकणाऱ्याला भिंतीचा आधार घेता यावा इतकं थांबायचे. ऑटो चौकातून वळून परत आला तोवर मी फाटकाशी पोचले होते. तेव्हा नाव नीट ऐकू आलं. गुणवंत तायडे. भोंगा त्यांचाच होता, ऑटोही त्यांचाच.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. एवढ्या दिवसांत मला एकच प्रश्न छळतो आहे. गुणवंतराव माझे कोण होते? नात्यातलं माणूस गेलं की कुठं बसायचं, किती रडायचं, कुणाच्या गळ्यात पडायचं, हे न शिकवता कळतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली रिटायर मास्तरीण, लग्न न केलेली, घरात एकटी. त्यांच्या घरी गेले तेव्हा शेजारणींच्या रांगेत शेवटी बसले. सुनेनं चहा दिला आणि जवळ बसलेल्या पाहुणीला हळूच सांगितलं, "बाबांसंगं पिच्चरमध्ये होत्या न, त्या ह्या." पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या दिवसकार्याच्या, दिवशीही तसंच झालं. मेणबत्ती लावली, हात जोडले, घरी आले, पाय धुतले आणि अर्धवट राहिलेले गहू पुढे ओढले. सुनेचं काहीच चुकलं नव्हतं. मी खरंच पिच्चरमधलीच होते. गुणवंतराव माझे नवरे होते, पण दीड तासापुरते, आणि तेही पडद्यावर.

तो सिनेमा कसा झाला ते सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी दुसरबीडची प्राजक्ता सिनेमाचं शिक्षण घेऊन आली आणि मित्रमैत्रिणींना गोळा करून तिनं आपल्याच भागात एक सिनेमा काढायचं ठरवलं. नाव ठेवलं 'बाजेवरचं बिऱ्हाड'. एक म्हातारं जोडपं लोटगाडीवर विणलेली बाज, दोन भांडी आणि एक कंदील घेऊन घराबाहेर पडतं आणि ह्या गावच्या बाजारातून त्या गावच्या बाजाराला फिरत राहतं. का फिरतं, ते शेवटपर्यंत कुणी सांगत नाही. रस्त्यात त्यांना एक हरवलेलं गाढव भेटतं, एक वरातीतला बँड चुकून त्यांच्या मागे लागतो, असलंच काहीबाही. संध्याकाळ झाली की उघड्या रानात बाज टाकायची, दोघांनी दोन बाजूंना पाठ करून पडायचं, आणि म्हाताऱ्यानं विचारायचं, "दार लावलं का?" म्हातारीनं म्हणायचं, "हाव, लावलं." दार कुठं आहे? चहूकडे कपाशीची पऱ्हाटी, वर आभाळ.

म्हातारा म्हणून गुणवंतराव सापडले, कारण पंचक्रोशीत त्यांच्यासारखा आवाज नव्हता. म्हातारी सापडेना. तेव्हा त्यांनीच माझं नाव सुचवलं. शाळेच्या झेंडावंदनाला ते भोंगा लावायला यायचे आणि माझा त्यांच्याशी दरवर्षी वाद व्हायचा, कारण माईक हातात आला की ते मुख्याध्यापकांनाही सोडत नसत. मी प्राजक्ताला नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी गुणवंतराव फाटकाबाहेर उभे राहून म्हणाले, "बाई, काऊन नाही म्हणता? बोलायचं काहीच नाही. मले पाहून तोंड वाकडं करायचं फक्त, आन् ते तं तुम्ही वीस वर्षं करूनच राह्यल्या." मी हो म्हटलं.

सिनेमा आधी पुण्यात दाखवला. छोटंसं, गारढोण सभागृह, शंभरेक माणसं, आणि सगळी इतकी शांत की मला परीक्षेच्या हॉलची आठवण झाली. आमच्या बोलण्यावर मधूनमधून हसायचे, पण जपून, आम्हाला लागू नये असं. संपल्यावर प्रश्न आले. एका गृहस्थांनी विचारलं, ही बाज म्हणजे विस्थापनाचं प्रतीक आहे का? गुणवंतरावांनी माईक घेतला, सवयीप्रमाणे त्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, "साहेब, बाज झोपाले असते." सगळे टाळ्या वाजवायला लागले. एक बाई जवळ येऊन म्हणाल्या, किती गोड बोलता हो तुम्ही लोक. गुणवंतरावांनी त्यांना हात जोडले. परतीच्या एस.टी.त मात्र ते खिडकीबाहेरच बघत बसले होते. मग म्हणाले, "चांगले लोक होते बाई, पण एकानंही इचारलं नाही का म्हातारी जेवली का म्हणून."

दुसरबीडला मात्र उलटा प्रकार. प्राजक्ताचं गाव, म्हणून मंगल कार्यालयात भरदुपारी खेळ ठेवला, खिडक्यांना ताडपत्र्या बांधल्या तरी फटींतून ऊन पडद्यावर येत होतं. लोक खच्चून आले, आणि पंधराव्या मिनिटापासून बोलायला लागले. आता मारामारी होईल का? यांचं पोरगं कुठंय? कुणीतरी म्हणालं, गाडीचं चाक डगमगतंय, आता निघणार बघा. मग सगळं सभागृह बराच वेळ चाकाकडेच बघत होतं. चाक काही निघालं नाही. मध्यंतरापर्यंत निम्मे उठून गेले. एक आजोबा प्राजक्ताच्या वडिलांना सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरीला एवढं शिकवलंस, आन् तिनं दोन म्हातारे वाऱ्यावर सोडले व्हय रे?" पोर बिचारी प्रोजेक्टरमागे रडवेली होऊन उभी होती. पण शेवटच्या संध्याकाळचं दृश्य आलं, गुणवंतरावांनी पडद्यावरून विचारलं, दार लावलं का, आणि मी उत्तर देण्याआधीच मागून तेच आजोबा ओरडले, "लावलं बाबा, झोप आता!" म्हणजे ते गेलेच नव्हते. सगळं कार्यालय हसलं. प्राजक्तासुद्धा हसली. गुणवंतराव मला कोपरानं ढोसून म्हणाले, "पाह्यलं? पिच्चर पोचला."

त्या संध्याकाळी आम्ही दोघं गावी परतलो आणि आपापल्या घरी गेलो. मी हातपाय धुते न धुते तोच फोन वाजला. "पोचल्या का नीट? दार लावलं का बाई?" आणि माझ्या तोंडून सिनेमातल्याच सुरात निघून गेलं, "हाव, लावलं." पलीकडे ते हसले आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा-सून जीव लावणारे होते, घर नातवंडांनी भरलेलं होतं. तरी दिवेलागणीला ते हा फोन करत. आणखी काही नाही. तब्येतीची चौकशी नाही, गावगप्पा नाहीत. प्रश्न, उत्तर, बस. कधी मी मुद्दाम म्हणायचे, "दाराला काय होतंय, मी काय सोन्यानं मढलेली आहे?" तर म्हणायचे, "बाई, डायलॉग चुकला. पुन्हा घ्या." मला घ्यावाच लागे.

वरवट बकालचा खेळ त्यानंतर झाला, आणि खरं सांगायचं तर सिनेमा तिथंच पाहिला गेला. बायांनीच संध्याकाळी मंदिराच्या सभामंडपात पडदा लावून घेतला होता. त्या कथा बघायला बसल्याच नव्हत्या. त्या आम्हाला दोघांना बघत होत्या. पडद्यावर आम्ही एका घरापुढे पाणी मागतो आणि घरातली माणसं दार लोटून घेतात, असं एक दृश्य आहे. पुण्यात तिथं सन्नाटा पसरला होता. इथं बायांनी त्या घराचा उद्धार सुरू केला. "मेल्याहो, पाणी तं द्या!" एक जण म्हणे, "इकडं या म्हणा त्याईले, माह्या घरी." खेळ संपला. दिवे लागले. आम्ही पुढे उभे राहून प्रश्नांची वाट बघतो आहोत, तर प्रश्न कसले? एक धिप्पाड बाई फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि ठेचा घेऊन गर्दीतून वाट काढत आली. सिंधूबाई. मध्येच उठून घरी जाऊन गरम भाकरी टाकून आली होती ती. "पह्यले जेवा," म्हणाली, "सकाळपासून चालून राह्यले दोघं."

आम्हाला एका सतरंजीवर शेजारी शेजारी बसवलं. सिंधूबाई समोर बसून गुणवंतरावांना रागावत होती. "म्हातारीले असं फिरवतात काय हो? तिचे पाय पाहा." गुणवंतराव मान खाली घालून भाकरी मोडत म्हणाले, "चुकलं माय. आता नाही फिरवत." कुणीतरी विचारलं, लग्नाला किती वर्षं झाली? मी तोंड उघडणार, तोच ते म्हणाले, "पिच्चर सुरू झाला तवापासून झालं." बाया हसल्या, कुणाला ते खरं वाटलं, कुणाला थट्टा. जाताना त्यांनी माझी ओटी भरली. आयुष्यात पहिल्यांदा. गहू आणि खण पदरात घेऊन मी उभीच राहिले. परत येताना मी ऑटोत कुरकुर केली, की त्यांना खरं काय ते सांगायला हवं होतं. गुणवंतराव गाडी चालवत म्हणाले, "सांगा ना. पण ओटी वापस करा मंग." मी पदर घट्ट धरून बसले.

आमच्यात तसलं काही नव्हतं, असं एक वाक्य मी या लेखात लिहायचं ठरवलं होतं. लिहिलं आणि खोडलं. एक माणूस रोज दिवेलागणीला तुमचं दार लागलं का ते विचारतो, वर्षानुवर्षं विचारतो. त्याला काही नव्हतं कसं म्हणायचं? ते होतं. त्याला नाव नव्हतं, एवढंच. आणि नाव नसलेल्या गोष्टीचा दुखवटा कुणी धरू देत नाही. फोन बंद झाल्यावर पहिल्या संध्याकाळी मी हातात फोन धरून खुर्चीत बसले होते, तेव्हा मला किती एकटं वाटलं हे मी कुणाला सांगणार? शेजारीण म्हणाली, चांगले होते हो भोंगेवाले. मी म्हटलं, हो, चांगले होते. विषय संपला.

ते गेल्यावर चौथ्या का पाचव्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. सिंधूबाई. बाजाराला आलेल्या कुणीतरी तिला बातमी दिली होती, आणि पिच्चरमधल्या मास्तरीणबाईचं घर विचारत विचारत ती वरवट बकालहून आली होती. हातात डबा. आत आली, मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "एकटी पडली वो माय तू." मग स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच ताट घेतलं, पिठलं-भाकरी वाढली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून सोयरेधायरे जेवण आणून जबरदस्तीनं खायला लावतात, तो कडू घास. माझ्या घरी तो कुणी आणेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मला तो घेववेना. जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवलेलं. मी म्हटलं, "सिंधूबाई, ते माझे नवरे नव्हते. आम्ही फक्त सिनेमात होतो." तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला. तिचा हात जराही थांबला नाही.

"मले ठाऊक हाय," ती म्हणाली. "तवाच दुसऱ्या दिवशी समजलं होतं. त्याईच्या घरी सोयरे गेले असतीन, पोरगा हाय, सून हाय. इकडं कोण येते? म्हणून आली." आणि घास माझ्या तोंडाशी धरला.

मी खाल्ला. खाताना रडले, ते गेल्यापासून पहिल्यांदा, आणि ती पाठीवरून हात फिरवत, "खाय, खाय" म्हणत बसली होती. ताट संपेपर्यंत ती उठली नाही. मग डबा धुतला, पिशवीत टाकला, पायात चपला सरकवल्या आणि फाटकातून बाहेर पडली. 'येते' म्हणाली नाही. मयताच्या घरून निघताना तसं म्हणत नाहीत.

मी तिथंच उंबऱ्यात बसून राहिले. ऊन उतरलं, रस्त्यावरून गुरं परत गेली, समोरच्या घरात दिवा लागला. फोनची वेळ झाली तशी मी उठले, सवयीनं कडीला हात घातला... आणि काढून घेतला. दुखवट्याच्या घराचं दार लावत नाहीत, कुणीही केव्हाही येतं. त्या संध्याकाळी गुणवंतरावांनी विचारलं असतं तर त्यांना सांगावं लागलं असतं, नाही, आज नाही लावलं. डायलॉग चुकला म्हणाले असते तरी मी तो पुन्हा घेतला नसता.