अर्धी गोळी

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला फिट येते. गोळ्या सुरू झाल्यापासून मात्र आली नव्हती. दोन वर्षं अशीच गेली तर वर्गाबरोबर पोहायला जाऊ देऊ, असं डॉक्टर म्हणाले होते. तीन आठवडे उरले होते. पोहण्याचा नवा पोशाख तिने उशीखाली ठेवला होता.

आणि स्टुटगार्टमधल्या आमच्या अपोथेकेत, म्हणजे औषधाच्या दुकानात, गोळ्याच नव्हत्या. काउंटरवरच्या बाईंनी संगणकात पाहिलं. आमच्या विमासंस्थेचा ज्या कंपनीशी करार आहे तिची गोळी नाही, बाकीच्यांचीही नाही. मुलांना इथे औषध फुकट, पण दात आहेत तर चणे नाहीत! "डॉक्टरांना फोन करा," बाई म्हणाल्या.

मी केला नाही. मागच्या खेपेला दवाखान्यातली फोनवरची बाई माझ्या जर्मनवर वैतागली होती. शिवाय उगाच कुणाला त्रास कशाला द्यायचा? घरात आठ गोळ्या होत्या, रोजच्या दोन. पुरवून वापरू, म्हटलं. साबणाची चिपटीसुद्धा नव्या वडीला चिकटवणाऱ्या घरात वाढले मी. सुरीने गोळ्यांचे दोन-दोन तुकडे केले. चार दिवसांचे आठ झाले, म्हणून स्वतःवर खूशही झाले. मूर्ख बाई!

पाचव्या दिवशी शाळेतून फोन आला. जिन्याखाली तिला फिट आली होती.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "गोळीचं प्रमाण बदललं होतं का?" मी खरं ते सांगितलं. "फोन करायचा होता. आम्ही काहीतरी सोय केली असती," तो शांतपणे म्हणाला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. करार करणाऱ्यांवर, कारखान्यांवर, सगळ्यांवर चिडून झालं, पण सुरी माझ्याच हातात होती.

मुलगी जागी झाली. मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, तसंच आताही.

"पोहायला?"

"नाही गं राजा."

"म्हणजे दोन वर्षं पुन्हा पहिल्यापासून?"

"हो."

तिने बोटांवर वय मोजलं, दहा, अकरा.

"दोन वर्षं गोळ्या मिळतील ना पण?"

माहीत नाही, असं मी तिला सांगितलं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.