गुरुवारची चूक

चुकत चुकतच माणूस बरोबर उत्तरापर्यंत पोचतो, यावर आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतकी श्रद्धा असलेला माणूस साऱ्या कोपर गावात नव्हता. कोलशेतच्या एका केमिकल कंपनीत ते रासायनिक क्रियांचे वेग मोजत आणि घरी येऊनही तेच चालू ठेवत. एकदा डगमगणाऱ्या टेबलाचा जो पाय लांब वाटेल तो ते थोडा थोडा कापत गेले. टेबल शेवटी अगदी स्थिर झालं, फक्त त्याचा चौरंग झाला होता. काकूंनी त्यावर सत्यनारायण मांडला.

एकोणीसशे नव्वदच्या आसपास काकूंना मधुमेह निघाला आणि डॉक्टरांनी गोड बंद केलं. काकूंचा जीव उकडीच्या मोदकात. तेव्हा काकांनी जाहीर केलं की हिच्या शरीरात साखर किती वेगाने जिरते ते मी काढतो आणि गणपतीत किती मोदक चालतील ते सांगतो. मग रोज बोटाला सुई, रंग बदलणारी पट्टी, आलेखाचे कागद आणि काकूंनी काय खाल्लं ते लिहायची वही. "आधी वेग अंदाजाने धरायचा," ते मला समजावत, "त्यावरून साखर किती यायला हवी ते काढायचं, पट्टीशी ताडून बघायचं आणि फरक कमी होईल तिकडे जरा सरकायचं. धुक्यात मलंगगड उतरताना पाय खाली जाईल तिकडे जातो ना, तसं." मी मलंगगड कधी चढलोही नव्हतो, पण मान हलवली.

तीन वर्षं तो फरक काही हटेना. बाकीचे वार शहाण्यासारखे वागत, गुरुवारची साखर मात्र आलेखाबाहेर उडी मारी. काकांनी दोन कॅल्क्युलेटर बदलले. खरं कारण मला ठाऊक होतं. दर गुरुवारी दत्ताच्या देवळातून येताना मीच काकूंच्या हातावर पेढा ठेवत असे. एकदा घाबरून मी हात आखडता घेतला, तर त्या म्हणाल्या, "अरे, प्रसादाला कोणी साखर म्हणतं का?" वहीत त्यांनी पेढा कधी लिहिला नाही, पण त्यात लबाडी नव्हती. प्रसाद हे त्यांच्या लेखी खाणंच नव्हतं.

चौथ्या वर्षी आकडे अचानक जुळले. काकांनी कागद फडकावत एक मोदक मंजूर केला, डॉक्टरांनीही हसून मान्यता दिली. काकूंनी त्यावर तुपाची धार सोडून तो अर्धा तास पुरवून खाल्ला.

पुढे काही वर्षांनी काकू गेल्या. वह्या आवरायला काकांनी मला बोलावलं. आकडे जुळले त्या शेवटच्या गणितात एक जादा अक्षर होतं, 'पे'. समोर लिहिलं होतं: गुरुवार, सायंकाळी सात, खालच्या मजल्यावरून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही काकूंना विचारलं का नाही, एवढंच मी म्हणालो.

"विचारलं असतं तर तिने पेढा सोडला असता रे," काका म्हणाले.

तो दिवसही गुरुवारच होता. सवयीने आणलेला पेढा माझ्या खिशात होता, तो मी त्यांच्या हातावर ठेवला. वही समोर उघडीच होती. काकांनी काही न लिहिता तो खाल्ला.