उणे सातवरची उल्का

आमच्या शेजारची उल्का वाशिमची. वय एकतीस, पीएचडीचं सहावं वर्ष. नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीत एवढ्या काळात तीन भाडेकरू येऊन गेले, हिचा विषय काही हलला नाही.

विषय म्हणजे बर्फातला आरएनए. पेशीतला हा रेणू. त्याचे काही प्रकार कुणाच्या मदतीशिवाय तुकड्याला तुकडा जोडतात.

"उणे सातला सगळं गोठतं, काकू," तिनं एकदा जिन्यात सांगितलं. "बर्फाच्या कणांमध्ये बारीक ओल्या फटी राहतात. हा आरएनए त्यात कोंडला जातो अन् हळूहळू काम करत राहतो. चाळीस दिवस. रोज एक नळी काढून किती जोडलं गेलं ते मोजायचं."

"म्हणजे तुझ्यासारखाच. फटीत कोंडलेला, अन् लग्नाचं नाव नाही."

ती हसली. टोमणा लागत नाही, हा या मुलीतला मोठा दोष.

तीन दिवाळ्या ती घरी गेली नव्हती. हे शेवटचं मोजमाप झालं की प्रबंध, आणि प्रबंध झाला की सुटका. दिवाळीचं तिकीटही काढलेलं. "यंदा आली नाहीस तर फराळ करणार नाही," असं आईनं फोनवर बजावल्याचं मला भिंतीतून ऐकू आलं होतं. भिंत पातळ आहे, माझा इलाज नाही.

खंडेनवमीला त्यांच्या प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा असते. तिथले शिपाई रंगराव भाविक माणूस. आदल्या संध्याकाळी त्यांनी प्रत्येक यंत्र बंद करून ओल्या फडक्यानं पुसलं. सकाळी उल्का पोचली तेव्हा तिच्या बर्फाच्या यंत्रावर हळदकुंकू, झेंडूची माळ, पेढा. आत नळ्यांमध्ये कोमट पाणी. एकतिसावा दिवस होता.

"पूजेसाठीच केलं, ताई," रंगराव म्हणाले म्हणे.

"तुमचं नाही चुकलं, काका. पाटी लावायची राहिली."

सहा वर्षं पुण्यात राहून पाटी राहिली. दसऱ्याला ती पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झाली. पाटी मीच लिहून दिली: 'यंत्र बंद करू नये. पूजा चालू स्थितीत करावी.'

"चार दिवस घरी जाऊन ये. बर्फ कुठे पळतोय?" मी म्हटलं.

"नळी कोण काढेल, काकू?" म्हणत तिनं तिकीट रद्द केलं.

आज लक्ष्मीपूजन, तिचा एकविसावा दिवस. ती निघताना मी फराळाचं ताट पुढे केलं.

"आईनं केला का गं फराळ?"

"विचारलं नाही," ती म्हणाली. एक चकली उचलली, घड्याळ पाहिलं आणि जिना उतरली.